पोरके केले कोणी?

मुलांच्या हाती कोणती पुस्तके द्यावी आणि कोणती देऊ नयेत, याविषयी आमच्या सुशिक्षित कुटुंबांत मधूनमधून वाद निघतो, आणि त्या वादात ख्रिस्ती बालकथांचा विषय आला म्हणजे घरच्या मंडळींत ताबडतोब दोन तट पडतात. एक पक्ष म्हणतो, या गोष्टी म्हणजे साखरेत घोळलेला धर्मप्रसार होय. त्यांना उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू देऊ नये. दुसरा पक्ष म्हणतो, गोष्ट कनवाळू आहे, भाषा निर्मळ आहे, भावंडांची माया आहे, देवावर भरवसा आहे. मग त्या देवाचे नाव काय, ही पंचाईत सात वर्षांच्या लेकराला कशाला? आम्ही पुष्कळ दिवस या दुसऱ्या पक्षाचे होतो, आणि पहिल्या पक्षात जाऊन बसण्याचा आमचा आजही विचार नाही. परंतु या वर्गातल्या काही प्रसिद्ध कथा एकामागून एक वाचून काढल्यावर आमची अशी खात्री झाली आहे, की दोन्ही पक्षांचे भांडण भलत्याच ठिकाणी चालले आहे. गोष्टीत येशूचे नाव आहे की नाही, हा मुख्य प्रश्नच नव्हे. गोष्टीतली लेकरे पोरकी झाली ती कोणामुळे व कशामुळे, हे गोष्ट सांगते की झाकून ठेवते, हा मुख्य प्रश्न होय.

या कथांचा साचा बहुधा ठरलेला असतो. मोठ्या शहरातील एखादी अंधारी गल्ली; तेथे दोन-तीन भावंडे; आई नुकतीच वारलेली, बाप वारलेला, बेपत्ता किंवा दारूडा. मोठे भावंड धाकट्याला पोटाशी धरून हिवाळा काढते. मग कोणी सत्पुरुष, नर्स किंवा उपदेशक भेटतो. पोरांना प्रार्थना शिकवितो. शेवटी त्यांना देवही मिळतो आणि घरही मिळते. कधी धाकटे मूल शेवटच्या प्रकरणात देवाघरी जाते व त्याच्या उशाशी थोरामोठ्यांची मने पालटतात. इंग्लंडात गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात अशा गोष्टी लाखांनी खपल्या, रविवारच्या शाळांत बक्षीस म्हणून वाटल्या गेल्या, आणि साम्राज्य जेथे जेथे गेले तेथे तेथे त्यांच्या पाठोपाठ पोचल्या.

या साच्याचा उत्तम नमुना म्हणून हेस्बा स्ट्रेटन या लेखिकेची १८६८ साली निघालेली लहानग्या मेगची गोष्ट घ्यावी. उत्तम नमुना मुद्दाम घेत आहो. कारण वाईट पुस्तकाला झोडपण्यात कसलाच पुरुषार्थ नाही. लंडनच्या पूर्वभागातील एका कोंदट वस्तीत मेग, तिचा धाकटा भाऊ रॉबिन आणि एक तान्हे मूल अशी तिघे राहतात. बाप खलाशी, समुद्रावर गेलेला. आई मरते. मरताना खोलीतल्या पेटीत ठेवलेल्या पैशांविषयी ती मेगला बजावून जाते. ते पैसे परक्याचे आहेत. बाप येईपर्यंत मेग त्या पैशांना हात लावीत नाही, भावंडांना सोडीत नाही, आणि आईचा शब्द मोडीत नाही. तान्हे मूल दगावते, तरी ती शब्द मोडीत नाही. शेवटी बाप परत येतो; शेजारची वाट चुकलेली तरुणी किटी हीसुद्धा आपल्या आईला पुन्हा मिळते. मेगचे ते दहा वर्षांचे पोक्तपण, तिची इमानदारी, रॉबिनला सांभाळतानाची तिची धडपड ही सर्व इतक्या साधेपणाने रंगविली आहेत, की वाचणाराचा कंठ दाटून येतो. आमचाही आला. हे आम्ही आरंभीच कबूल करतो, म्हणजे पुढील टीका कोरड्या मनाने केली, असा आरोप आमच्यावर येणार नाही.

परंतु ही गोष्ट आम्ही परिचयाच्या एका घरी मुलांना मराठीत सांगितली, तेव्हा आठ वर्षांच्या एका मुलीने मध्येच विचारले, "आई कशाने मेली?" आम्ही म्हटले, आजारी होती. "मग औषध का नाही आणले?" पैसे नव्हते. "पेटीत होते की!" ते परक्याचे होते. "मग बाबा इतके दिवस बोटीवर काम करीत होते, त्यांचे पैसे कुठे गेले?" या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात शोधण्याकरिता आम्ही मागची पाने चाळली. उत्तर नव्हते. एवढ्या करुणेने भरलेल्या पुस्तकात एका लेकराच्या सरळ प्रश्नाला जागा ठेवलेली नव्हती. त्या दिवसापासून आम्ही या वर्गातल्या इतर कथा तो प्रश्न हातात धरून वाचू लागलो.

त्या कथांत उत्तर मिळते ते तीनपैकी एक. पहिले उत्तर ताप. 'ब्रेंडा' या टोपणनावाने लिहिणाऱ्या बाईंच्या १८७५ सालच्या गोष्टीत फ्रॉगी आणि बेनी हे दोघे भाऊ कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करणाऱ्याचे मुलगे. आई जाते, बाप जातो, मग बेनीही जातो, आणि फ्रॉगी अनाथालयाच्या दारात पोचतो. दुसरे उत्तर दारू. हेस्बा स्ट्रेटन यांच्याच १८७३ सालच्या एका गोष्टीत एक मुलगा हरवलेल्या लहान बहिणीला शहरभर शोधीत फिरतो, कारण आईच्या दारूपायी ती हरवलेली असते. तिसरे उत्तर ईश्वरेच्छा. ताप, दारू आणि ईश्वरेच्छा या तिघांवर फिर्याद करता येत नाही, हा त्यांचा मोठा गुण. ताप कोणाचा नोकर नव्हे. ईश्वरावर समन्स निघत नाही. आणि दारूचा दोष टाकावयाचा तो पिणाऱ्या बाईवर, विकणाऱ्यावर कधी नाही.

आता त्या काळच्या लंडनकडे पाहा. १८६६ साली पूर्व लंडनात पटकीची साथ आली आणि तीत पाच हजारांहून अधिक माणसे मेली. ही ईश्वरेच्छा होती काय? चौकशीअंती असे दिसून आले, की त्या भागास पाणी पुरविणाऱ्या कंपनीने न गाळलेले, मैल्याने दूषित झालेले पाणी नळांतून सोडले होते. म्हणजे त्या वर्षी जी हजारो मुले पोरकी झाली, त्यांना पोरके करणाराचा पत्ता सापडत होता. त्याची कचेरी होती, त्याचे भागीदार होते, त्याचा नफा होता. मेगची गोष्ट या साथीनंतर दोनच वर्षांनी त्याच पूर्व लंडनासंबंधी लिहिली गेली. बंदरावरील मजुराला रोज सकाळी फाटकाशी जाऊन आज काम मिळेल की नाही याची वाट पाहावी लागे. तासाला सहा पेन्स मजुरी मिळावी एवढ्या मागणीसाठी त्यांना १८८९ साली मोठा संप करावा लागला. इंग्लंडात त्या काळी जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी सुमारे दीडशे पहिल्या वर्षातच मरत, आणि दाट व घाण वस्तीत हे मान आणखी चढत असे. मेगच्या घरचे ते तान्हे मूल या दीडशांपैकी एक होय. पुस्तकात त्याच्यासाठी एक सुंदर मृत्यू आहे. नळाचे पाणी मात्र कोठे नाही.

येथे कोणी म्हणेल, की बालकथेत पाण्याच्या नळाची चौकशी करावयाची काय? कथा ही कथा आहे. तिने दया शिकविली म्हणजे झाले. आमचे म्हणणे असे, की कारण न विचारणारी दया पुढे काय करते, हे इतिहासाने दाखविले आहे, आणि ते पाहिल्यावर ही तक्रार कोणी करू नये.

डॉक्टर बर्नार्डो यांचे नाव आमच्या वाचकांस अपरिचित नसेल. १८७० साली त्यांनी लंडनच्या स्टेपनी भागात मुलांसाठी आश्रम काढला आणि हजारो उघड्यावरच्या मुलांना अन्न, वस्त्र व छप्पर दिले. त्यांचे हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु त्याच गृहस्थांनी मुलांची 'पूर्वीची' आणि 'नंतरची' छायाचित्रे विकली. पूर्वीच्या चित्रात मूल अधिक दीनवाणे दिसावे म्हणून त्याचे कपडे फाडून घेतले, असा आरोप आला, आणि १८७७ सालच्या लवादात अशा बनावाबद्दल त्यांना दोष देण्यात आला. चित्राला कथेचा साचा हवा होता. मूल त्या साच्यात बसेना, तेव्हा मुलालाच कातरण्यात आले! पुढे ते याहून लांब गेले. आईबाप नालायक आहेत असे आपल्या मनाने ठरवून त्यांच्या संमतीवाचून मुले परदेशी धाडण्याच्या आपल्या कृतीला त्यांनी स्वतःच 'परोपकारी अपहरण' अशा अर्थाचे नाव दिले होते. १८८८ साली गॉसेज नावाच्या एका मुलास असे कॅनडाकडे नेण्यात आले; आईने मूल परत मागितले; न्यायालयाने त्याला हजर करण्यास फर्माविले; प्रकरण १८९२ साली हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले; तेथेही बर्नार्डो हरले. परंतु मुलाचा पत्ता त्यांना देता आला नाही. आणि या खटल्यांच्या धामधुमीतच, १८९१ साली, पार्लमेंटाने असा कायदा केला, की न्यायालयास योग्य वाटल्यास आईबापांनी मागितलेले मूल त्यांच्या ताब्यात न देण्याचा अधिकार असावा.

१८६९ पासून पुढे सत्तर वर्षांत वेगवेगळ्या परोपकारी संस्थांनी मिळून सुमारे एक लाख मुले ब्रिटनमधून कॅनडाला पाठविली. त्यांपैकी बहुतेकांचे आई किंवा बाप, निदान एक तरी, हयात होते. भावंडे एका बोटीतून उतरत आणि निरनिराळ्या शेतांवर वाटली जात. दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियाकडे गेलेल्या अनेक मुलांना, तुमचे आईबाप मेले, असे सांगण्यात आले. पुष्कळांच्या बाबतीत ते खोटे होते. १९८६ साली नॉटिंगहॅम येथील मार्गारेट हंफ्रीज या समाजसेविकेने एका बाईच्या पत्रावरून शोध सुरू केला, तेव्हा ही गोष्ट जगापुढे येऊ लागली. ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी २००९ साली आणि ब्रिटनच्या पंतप्रधानांनी २०१० साली त्या मुलांची, म्हणजे एव्हाना म्हातारे झालेल्या स्त्रीपुरुषांची, पार्लमेंटात क्षमा मागितली.

एका गोष्टीच्या पुस्तकामुळे हे सर्व घडले, असे म्हणण्याइतके आम्ही भाबडे नाही. पैसा, वसाहतींची मजुरांची गरज, शहरांची गर्दी ही कारणे गोष्टींहून बलवत्तर होती. परंतु ज्या मध्यमवर्गाच्या देणग्यांवर ही जहाजे भरली, त्या वर्गाचे मन या गोष्टींनी घडविले होते. पोरांना नवे घर आणि नवा विश्वास मिळावयाचा, तर जुन्या घराचा निकाल लागलेला असला पाहिजे. आई मेलेली असावी, किंवा नसेल तर मेल्यात जमा असावी. ही सवय त्यांना लहानपणी बक्षिसाच्या पुस्तकांनी लावली होती. पुस्तकात आईला मारणारी लेखणी होती. आश्रमाच्या दप्तरात ते काम कारकुनाने केले. ज्याने बाळपणी 'आई कशाने मेली?' हे कधी विचारले नाही, तो मोठेपणी 'आई खरोखर मेली आहे ना?' एवढेही विचारीत नाही.

आता आमच्या पहिल्या पक्षाचे वाचक आनंदाने म्हणतील, की बघा, आम्ही सांगत नव्हतो! त्यांनी थोडे थांबावे. हा दोष ख्रिस्ती धर्माचा नव्हे, हे दाखविण्यास त्या धर्माचाच ग्रंथ पुरेसा आहे. हरवलेल्या भावाची व पुन्हा भेटलेल्या कुटुंबाची जी अतिप्राचीन कथा बायबलाच्या पहिल्याच पुस्तकात आहे, ती योसेफाची. तो पोरका झाला तो तापाने नव्हे, की दारूने नव्हे. त्याच्या सावत्र भावांच्या टोळक्याने त्याला खड्ड्यात टाकले आणि व्यापाऱ्यांना विकले. किंमत किती आली, तीही ग्रंथकाराने लिहून ठेवली आहे. बापाला दाखविण्यासाठी अंगरखा रक्तात बुडविला, हेही लपविलेले नाही. आणि पुढे मिसर देशात भेट होते ती आपोआप होत नाही. योसेफ भावांची परीक्षा पाहतो; धाकट्या बन्यामिनाच्या ऐवजी मला गुलाम करा, असे यहूदा म्हणतो, तेव्हा योसेफाच्याने राहवत नाही. अपराध कबूल झाल्यावाचून कुटुंब पुन्हा जुळत नाही, हे त्या कथेचे मर्म होय. ज्यांच्या घरी हा ग्रंथ होता, त्यांनी आपल्या मुलांसाठी लिहिताना तो खड्डा आणि ती किंमत का गाळावी?

हेस्बा स्ट्रेटन यांना स्वतःला ही उणीव जाणवली असावी, असे आम्हांस त्यांच्या चरित्रावरून वाटते. त्यांचे खरे नाव सारा स्मिथ. 'हेस्बा' हे नाव त्यांनी आपल्या व आपल्या भावंडांच्या नावांची आद्याक्षरे जोडून तयार केले होते. म्हणजे भावंडांची सोबत त्यांनी आपल्या टोपणनावातसुद्धा सोडली नाही. या बाई केवळ गोष्टी लिहून स्वस्थ बसल्या नाहीत. १८८४ साली लंडनात मुलांच्या छळास प्रतिबंध करणारी संस्था स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत त्या होत्या. आणि मुलांच्या संरक्षणाचा कायदा त्या संस्थेच्या खटपटीने १८८९ साली झाला. मेगला प्रार्थना पुरली, परंतु मेगच्या लेखिकेला पुरली नाही. तिला कायदा लागला. दुःख एवढेच, की मुलांच्या कपाटात राहिली ती प्रार्थना, आणि कायद्याची गोष्ट कोणी मुलांना सांगितली नाही.

शिवाय मिशनरी वाङ्मयाला हा प्रश्न विचारता येत नव्हता, असेही नाही. आमच्याच भाषेतील दाखला पाहा. बाबा पदमनजी यांचे 'यमुनापर्यटन' १८५७ साली निघाले. ते मुलांचे पुस्तक नव्हे. पण त्यात हिंदू विधवांची दुर्दशा कोणी केली, कोणत्या रूढीने केली, हे ठणकावून विचारलेले आहे. आमच्या पूर्वजांस ते झोंबले. झोंबावयासच हवे होते. म्हणजे दोष आमच्या घरचा असला की प्रश्न मोठ्याने, आणि लंडनच्या नळकंपनीचा असला की प्रश्नाच्या जागी स्तोत्र! ही तऱ्हा न्यायाची नव्हे. पण आमची तऱ्हा तरी याहून कोणती निराळी आहे? मिशनऱ्याने दुष्काळात मूल उचलले, की आम्ही 'कोणी?' म्हणून गर्जना करतो; ते मूल रस्त्यावर आले कसे, हे विचारण्याची वेळ आली म्हणजे आमचा आवाज बसतो.

आणि हे आम्ही करावे, ज्यांच्या भाषेचा पाया चार पोरक्या भावंडांनी घातला! निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई यांची गोष्ट महाराष्ट्रात कोणत्या मुलाला ठाऊक नाही? आणि त्या गोष्टीत परंपरेने काय झाकून ठेवले आहे? काहीही नाही. विठ्ठलपंत संन्यास सोडून संसारात परत आले. आळंदीच्या शास्त्रीमंडळींनी त्यांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले. आईबापांनी देह ठेविले. पोरांना संन्याशाची पोरे म्हणून वाळीत टाकले. शुद्धिपत्रासाठी पैठणापर्यंत पायपीट करावयास लाविले. आमच्या आज्या ही गोष्ट सांगताना शास्त्र्यांना सोडीत नसत. लोकांच्या बोलण्याने जीव विटून ज्ञानदेव ताटी लावून बसले आणि बहिणीने बाहेरून त्यांची समजूत घातली, हा प्रसंग तर बहीणभावांच्या प्रेमाचा कळस होय. पण त्या ताटीमागे कोणाचे बोलणे होते, हेही प्रत्येक ऐकणाराला माहीत असते. या चौघांना देव मिळाला, परंतु ज्यांनी पोरके केले त्यांच्या दप्तरात त्यासाठी त्यांना आपल्या आईबापांचे नाव खोडावे लागले नाही. भावंडे एकमेकांपासून तुटली नाहीत. विश्वास आणि सत्य ही दोन्ही एका गोष्टीत नांदू शकतात, याचा याहून मोठा पुरावा आम्हांस नको.

तरी आम्ही शास्त्र्यांना नावे ठेविली ती सातशे वर्षांपूर्वीच्या. जवळच्या काळाचे काय? जोतीराव फुल्यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या-प्रतिबंधक गृह काढले. कशासाठी? पुनर्विवाह बंद असलेल्या, फसलेल्या तरुण विधवांना आपले मूल मारून टाकावे लागू नये म्हणून. तेथे जन्मलेल्या एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला, यशवंताला, जोतीराव व सावित्रीबाई यांनी आपला पुत्र केले. त्या गृहातील लेकरांना पोरके करणारा ताप कोणता होता? तो आमच्या वाड्यावाड्यांतून होता, सोवळ्यात होता, पंचांगात होता. त्या लेकरांची एकही गोष्ट आमच्या मुलांच्या पुस्तकांत मानाने सांगितली गेली असेल, तर ती अपवाद म्हणावी. तीच कथा दुष्काळाची. १८७७ साली सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुराला दिवसाला एक पौंड धान्य या मापाची मजुरी पुरेशी ठरविली. मुंबई इलाख्यातील हजारो मजुरांनी कामे सोडली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. त्या वर्षीची पोरकी मुले मिशनच्या अहवालांत 'वाचविलेली' म्हणून दिसतात, आमच्या इतिहासात 'बाटविलेली' म्हणून दिसतात; एक पौंडाचे माप मात्र दोन्ही ठिकाणी मुलांच्या नजरेआड राहते.

आणि या दोन्ही पक्षांनी मिळून कातरलेली सर्वांत मोठी गोष्ट पंडिता रमाबाईंची होय. अनंतशास्त्री डोंगरे व लक्ष्मीबाई यांचे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरत असे. बायकोला संस्कृत शिकविल्याबद्दल शास्त्रीबोवांना जातभाईंचा रोष सोसावा लागला होता. त्या आईनेच रमेला संस्कृत शिकविले. १८७४ च्या सुमारास दुष्काळात बाप गेला, मागोमाग आई गेली, थोरली बहीण गेली. उरली ती श्रीनिवास आणि रमा ही दोन भावंडे. ती पायी हिंदुस्थान तुडवीत १८७८ साली कलकत्त्यास पोचली, तेथे रमेला 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या. आणि १८८० साली भाऊही गेला. १८८३ साली इंग्लंडात रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. हरवलेली भावंडे, विश्वास, आणि पुढे केडगावास हजारो अनाथ मुलींचे घर: ज्या गोष्टीसाठी लंडनच्या लेखिका कल्पना लढवीत होत्या, ती आमच्या मातीत प्रत्यक्ष घडली.

पण मुलांना ती कशी सांगतात? मिशनच्या छोट्या चरित्रांत तिचा बाप्तिस्म्याआधीचा काळ म्हणजे नुसता अंधार. जणू ती संस्कृत वाणी तिला आकाशातून मिळाली! आमच्या पुस्तकांत १८८३ पुढचा काळ म्हणजे नुसती शरमेची कुजबुज. जणू केडगाव नकाशावर नाहीच! रमाबाईंनी स्वतः मात्र १९०७ साली लिहिलेल्या आपल्या निवेदनात काहीच कातरले नाही. आपले आईबाप कशाने मेले, हा प्रश्न त्यांनी सरळ विचारला आहे. दुष्काळाने, हे खरेच. परंतु होते नव्हते ते दानदक्षिणेत व देवदेवस्कीत गेले, आणि उच्च जातीच्या अभिमानामुळे हलके काम करता येईना, भीकही मागता येईना, हेही त्या लिहितात. उपाशी आईसाठी भाकरीचा तुकडा मागण्यास गेलेल्या मुलीच्या तोंडून शब्द फुटेना, हा त्यांनी सांगितलेला प्रसंग वाचून ज्याचे मन हालत नाही, त्याने बालवाङ्मयाविषयी न बोलणे बरे. आईवर एवढी माया आणि आईच्या समजुतींवर एवढा निर्भीड विचार, ही दोन्ही एकाच लेखणीतून उतरली आहेत. आणि हीच बाई इंग्लंडातील आपल्या धर्मभगिनींनाही भ्याली नाही. माझी विवेकबुद्धी मी नुकतीच मोकळी केली आहे, ती पुन्हा दुसऱ्याच्या स्वाधीन करणार नाही, असे तिने त्यांना बजाविले. असल्या बाईची गोष्ट अर्धी कापून मुलांना देणारे दोन्ही पक्ष आम्हांस सारखेच अपराधी वाटतात.

आमच्याविरुद्ध शेवटचा आक्षेप असा येईल, की एवढा भार कोवळ्या मनावर का घालावा? आमचे उत्तर, हा भार आम्ही घालीत नाही. मूल तो स्वतःच घेऊन येते. 'आई कशाने मेली?' हा प्रश्न आमचा नव्हता. तो आठ वर्षांच्या मुलीचा होता. आम्ही फक्त एवढेच मागतो, की पुस्तकाने तिला गप्प करू नये. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'ने तिला गप्प केले नाही. त्या घराला लागलेले कर्ज, भाऊबंदकी, सावकाराचा तगादा, आईच्या अंगावर पडलेली कामे, हे सर्व त्या पुस्तकात आहे, आणि मराठी मुले ते पिढ्यानुपिढ्या वाचीत आली आहेत. त्याने कोणाचे मन कोमेजल्याचे ऐकिवात नाही. मुलांना रडविणारे सत्य सोसते. त्यांना चकविणारी करुणाच अपायकारक.

म्हणून ख्रिस्ती गोष्टी घरात येऊ द्याव्या की नाही, असे आम्हांस जे विचारतात, त्यांना आमचे सांगणे आहे, की खुशाल येऊ द्याव्या. मेग येऊ द्यावी, फ्रॉगी येऊ द्यावा, योसेफ तर अवश्य येऊ द्यावा. पण वाचून दाखविताना ज्या पानावर आई मरते, त्या पानावर पुस्तक मिटून मुलांना बोलू द्यावे. १८६६ सालच्या नळाची गोष्ट त्यांना सांगावी. कॅनडाच्या जहाजावर ताटातूट झालेल्या भावंडांची सांगावी. मग त्याच संध्याकाळी आळंदीची सांगावी, फुल्यांच्या घरातील लेकरांची सांगावी, आणि रमा व श्रीनिवास यांची संपूर्ण सांगावी. बाप्तिस्मा न गाळता आणि आईने शिकविलेले संस्कृतही न गाळता. ज्या घरात हे करण्याची हिंमत नाही, त्या घराने ख्रिस्ती पुस्तके दाराबाहेर ठेवून फारसे काही साधले, असे आम्हांस वाटत नाही.

आणि आमच्या बालवाङ्मयाच्या लेखकांस एक विनंती. आज जी मुले पोरकी होतात, त्यांच्या गोष्टी तुम्ही लिहाल तेव्हा आश्रमाचे दार उघडण्याच्या प्रसंगापाशी घाईने पोचू नका. कर्जापायी आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची मुले, ऊसतोडीला गेलेल्या आईबापांच्या मागे राहिलेली मुले तुमच्या आसपास आहेत. त्यांना चांगला माणूस भेटू द्या, देव भेटू द्या, घर मिळू द्या. आमची मुळीच हरकत नाही. पण तत्पूर्वी त्यांतील थोरल्या भावंडाला एकदा मोठ्याने विचारू द्या, की आम्हांस पोरके केले कोणी? आणि त्याला उत्तर मिळेपर्यंत प्रकरण संपवू नका.